दाराबाहेरची मशीन

केमोच्या पुढच्या डोसला जायचं नाही, असं सुनेने शिंप्याला सांगितलं. कारण विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

त्याची बायको याच आजाराने गेली होती. "मला काय धाड भरलीय?" म्हणत शेवटपर्यंत हसली आणि मनातलं मनातच घेऊन गेली.

हॉस्पिटलने फोनवर समुपदेशन करणाऱ्या बाईंचा नंबर दिला होता. सुनेचा नवरा म्हणाला, "घरबसल्या बोलायचं. करून तर बघ."

"या घरात? मी शिंकले तरी दोघं धावत येता. आणि मला काय वेड लागलंय?"

"शरीराला डॉक्टर चालतो, मग मनाने काय घोडं मारलंय?" शिंपी म्हणाला.

"भिंतींना कान आहेत, बाबा. त्याचं काय?"

शिंपी उठला. शिलाई मशीन ओढत आणून त्याने तिच्या दाराला लावली. "ही सुरू झाली की मला माझा खोकला ऐकू येत नाही. तू बोल, मी शिवतो."

पहिल्या दिवशी ती डोळे लाल करून बाहेर आली. त्याने विचारलं नाही. दर आठवड्याला फोन आला की खडखडाट सुरू. पाय भरून यायचे, पण पठ्ठ्याने पायडल सोडलं नाही.

एकदा फोन चालू असतानाच दार उघडलं.

"बाबा, थांबवा ती मशीन! बाईंचं ऐकू येत नाहीये."

"मग दार लाव की."

"नको. तुम्हीही ऐका. मला मरणाची भीती वाटते. तुम्ही एकदा भोगलंय, म्हणून तुमच्या तोंडावर म्हणवत नव्हतं." मग ती फोनमध्ये म्हणाली, "हो बाई, सांगितलं एकदाचं! उद्या डोसला जातेय."

 डोळे पुसायला शिंप्याने हातातलं कापड उचललं, तर पॅन्टचे दोन्ही पाय एकमेकांना शिवलेले.

"गिऱ्हाईक काय उड्या मारत जाणार?" सून पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी घराने तो आवाज ऐकला.

ती डोसला गेली, त्याच्या पुढच्यालाही गेली. तिथे शेजारच्या खाटेवरची बाई कुजबुजली, "मलाही बोलायचंय गं, पण घरात आडोसा नाही."

"आमच्याकडे या," सून ठणकावून म्हणाली. "आमचे बाबा मशीन चालवतात!"

त्या संध्याकाळी शिंप्याने मशीनला तेल घातलं.