ढालींचं कपाट

मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मागच्या भिंतीला लागून एक काचेचं कपाट होतं. समोरची काच खिडकीसारखी वरखाली सरकायची, आत दिवा लागायचा आणि वर पंखा होता. त्या पंख्याचा पत्र्याचा नळ भिंत फोडून बाहेर गेलेला. विषारी वायूचा प्रयोग असला की तो या कपाटात करायचा, काच खाली ओढायची, पंखा लावायचा, म्हणजे वायू बाहेरच्या बाहेर जातो. बांधणाऱ्याने ते एवढ्याचसाठी बांधलं होतं.

पण शाळेला ढाली मिळत गेल्या. धावण्याची ढाल, समूहगीताची ढाल, हस्ताक्षराची, स्वच्छतेची. मुख्याध्यापिकांनी सगळी शाळा पालथी घातली, तर काच आणि दिवा दोन्ही असलेली जागा त्यांना ही एकच सापडली. ढाली कपाटात गेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात रेशमी फीत. दिव्याच्या बटणाशेजारी पंख्याचं बटण होतं, त्यावर काळी चिकटपट्टी बसली आणि पंखा जळाला आहे असं सगळ्यांना सांगण्यात आलं. वायूचे प्रयोग उघड्या टेबलावर आले.

कसा जळाला, कधी जळाला, हे रसायनच्या बाईंनी विचारलं नाही. विचारणार कशा? मुख्याध्यापिका म्हणजे त्यांच्या थोरल्या नणंद. नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. शाळेत त्या मॅडम, घरी वन्सं. शाळेत त्या बाईंना ‘तुम्ही’ म्हणायच्या, घरी ‘अगं’. आणि वन्संचं बोलणं घरात चांगल्या कपबश्यांसारखं होतं, उतरवून तपासून बघायचं नसे. पट्टी नखाने उचलून बटण एकदा दाबून बघावं, हे बाईंच्या मनातही आलं नाही. त्या एवढंच करायच्या, दर वर्षी शाळा उघडली की मॅडमसमोर उभ्या राहून म्हणायच्या, कपाट रिकामं करून द्या, पंखा दुरुस्त करून घेऊ. मॅडम म्हणायच्या, बघू.

‘बघू’वर वर्षं गेली, आणि वर्षांबरोबर बाईंचं नाक गेलं.

वास एकदम गेला नाही. नांदायचं नाही असं ठरवलेल्या बाईसारखा तो एकेक वस्तू हलवत गेला. आधी साबण नेला, मग कढईतली फोडणी, मग धुऊन वाळलेल्या कपड्यांतलं ऊन. लेक बाळंतपणाला आली, तेव्हा बाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि टाळूला नाक लावलं. मऊ लागलं, ऊबदार लागलं. वास नव्हता. त्यांनी पुन्हा लावलं. लेक हसून म्हणाली, आई, खाऊन टाकशील तिला.

मग एकदा दूध करपलं. बाई चुलीसमोर उभ्या, पातेलं तळाला काळं झालेलं, आणि वन्सं पुढच्या खोलीतून तोंडाला पदर लावून धावत आल्या. अगं, झोपलीस का उभ्या उभ्या, असं म्हणाल्या. बाईंना रडू फुटलं आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. वर्गात कसं निभावते तेही सांगितलं. मी मुलींच्या तोंडाकडे बघते, वन्सं. त्यांच्या तोंडावर मला वास दिसतो.

वन्संनी पाठीवरून हात फिरवला. तो हात खोटा नव्हता.

“कुणाला बोलू नकोस,” त्या म्हणाल्या. “नाक गेलेली रसायनची बाई कोण ठेवून घेईल? मी आहे ना.”

आणि निभावत होतं हे खरं. पहिल्या बाकावर एक चणीने लहान, सतत काहीतरी चिवचिवणारी मुलगी बसायची. सगळी शाळा तिला चिमणीच म्हणे. चिमणीच्या नाकपुड्या फुलल्या की बाई खिडक्या उघडायला लावायच्या. मागच्या बाकावर रुमाल निघाला की स्पिरिटचे दिवे विझवायला सांगायच्या. मुली आपसात म्हणायच्या, बाईंचं नाक म्हणजे काय आहे, पलीकडच्या गल्लीत काडी ओढली तरी कळेल. बाई ऐकायच्या आणि फळा पुसत राहायच्या.

नियम त्यांनी ओव्यांमध्ये बांधले होते. छापील सूचना भिंतीवर पिवळ्या पडतात, ओवी जिभेवर राहते. प्रयोगाआधी मुली टेबलाला हात टेकून, हसत हसत, एका सुरात म्हणायच्या:

*नळी हुंगू नको बाई, हात हलव वाऱ्याला,*
*वास येईल पाहुणा, उभा राहू दे दाराला.*

*आधी पाणी घे गं सखे, मग आम्लाची धार,*
*उलटं केलंस तर, होई तोंडावर वार.*

त्या वर्षी आदर्श शाळा निवडणारे पाहुणे यायचे ठरले. शाळेला रंग लागला. मॅडमनी बाईंना बोलावून सांगितलं की पाहुण्यांना डोळ्यांत भरेल असं काहीतरी दाखवा, ते निळं पाणी काळं होतं ते चांगलं आहे. बाई म्हणाल्या, त्या वायूला कुजक्या अंड्याचा वास येतो, फार साठला तर माणूस पडतो, खिडक्या उघड्या लागतील. खिडक्यांखाली रंगाचे डबे आणि राडा पडला होता. पाहुणे जाईपर्यंत बंद राहू देत, मॅडम म्हणाल्या. मुलींकडे लक्ष असतंच ना तुमचं?

असतंच, बाई म्हणाल्या.

त्या सकाळी सगळी शाळा मैदानात रांगेने उभी होती. बाई तेवढ्या प्रयोगशाळेत, वायू तयार करायच्या काचेच्या उभ्या भांड्यात आम्ल भरत होत्या. त्यामुळे मैदानात मॅडम मुलींना काय बजावत होत्या, ते त्यांच्या कानांवर पडलं नाही. मॅडम म्हणत होत्या, पाहुण्यांसमोर कुणीही नाकाला रुमाल लावायचा नाही, खोकायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. शाळेची अब्रू तुमच्या चेहऱ्यावर आहे.

पाहुणे आले. आधी कपाटापाशीच गेले. आत दिवा लावलेला, ढाली झळाळत होत्या. वा, प्रयोगशाळेतसुद्धा ढाली, असं त्यांच्यातले एक जण म्हणाले. फोटो निघाला. मग निळ्या पाण्यात नळी बुडाली, बुडबुडे आले, पाणी शाईसारखं काळं झालं. टाळ्या झाल्या. पाहुणे चहाला गेले.

चिमणीच्या टेबलावरच्या भांड्याची तोटी अर्धवटच बंद झाली होती. वायू हळूहळू येत राहिला. बाईंनी सवयीने बाकांवरून नजर फिरवली. पहिला बाक, दुसरा, मागचा. सगळे चेहरे कसे तळ्यासारखे शांत. एक रुमाल नाही, एक भुवई वर नाही. चिमणीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांवर हसू होतं. बाईंना वाटलं, पोर खूश आहे. त्यांना बरं वाटलं. हवा स्वच्छ आहे असं समजून त्या पुढचा भाग समजावू लागल्या.

स्टूल पडल्याचा आवाज आला. चिमणी खाली होती, आणि टेबलाच्या कडेला रक्त लागलं होतं.

बाईंनी तिला दोन्ही हातांनी उचलून व्हरांड्यात आणलं, खिडक्या उघडायला लावल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. मुली कठड्याला धरून ओकत होत्या. एक जण पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

“बाई, आम्हाला वाटलं, तुम्हाला येतोच आहे वास. तुम्ही थांबला नाहीत, म्हणून आम्ही पण थांबलो नाही.”

चिमणी वाचली. कपाळावर टाके पडले, डोकं बरेच दिवस दुखत राहिलं. तिच्या वडिलांनी तिचं विज्ञान सोडवलं. ती दप्तर घ्यायला आली तेव्हा बाईंशी चिवचिवली नाही.

मग मॅडमच्या खोलीत बैठक झाली. संस्थेचे अध्यक्ष होते, चिमणीचे वडील होते. अध्यक्षांनी विचारलं की असे प्रयोग कपाटात करायचे असतात ना? बाईंनी सांगितलं की कपाट रिकामं करून द्या असं मी दर वर्षी म्हणते आहे. त्या दिवशी मैदानात मुलींना चेहरे गप्प ठेवायला सांगितलं होतं, हे मुलींकडून मागाहून कळलेलंही सांगितलं.

मॅडमचा आवाज चढला नाही. पाहुणे आल्यावर शिस्तीने बसा, असं कुठल्याही शाळेत सांगतात, त्या म्हणाल्या. आणि पंखा जळालेला. कपाट रिकामं करून तरी काय झालं असतं? मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“खरं सांगायला मला जड जातंय. या माझ्या घरच्या आहेत. पण यांना वास येत नाही. दूध करपून काळं झालं तरी कळत नाही. शाळेपासून त्यांनी हे लपवून ठेवलं.”

चिमणीच्या वडिलांनी बाईंकडे मान वळवली.

बाईंनी सवयीने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोही तळ्यासारखा शांत होता. पाठीवर फिरलेल्या हाताची गोष्ट त्या सांगू शकल्या असत्या. पण साक्षीला होतं ते एक पातेलं, आणि तेही घासून लख्ख झालेलं. त्यांनी एवढंच विचारलं, उद्यापासून येऊ नको ना? अध्यक्ष म्हणाले, तसंच बरं.

ऍप्रन आणायला त्या प्रयोगशाळेत गेल्या. कपाटात ढाली दिव्यात उभ्या होत्या. पाहुणे आले त्या दिवसापासून तो विझवायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाईंनी बटणावरची काळी पट्टी नखाने उचलली. ती जुनी होऊन सुकली होती, सहज निघाली. त्यांनी बटण दाबलं.

पंखा खोकला. वरून थोडी धूळ पडली. मग तो फिरू लागला, आधी अडखळत, मग एका लयीत, जात्यासारखा घरघरत. सगळ्या फिती एकदम वर उठल्या आणि नळाच्या दिशेने ताणून फडफडू लागल्या. एक हलकी ढाल कलंडली.

आवाज ऐकून मॅडम दारात आल्या. शाळेत कधी नाही ते त्यांच्या तोंडून निघालं, “अगं, बंद कर ते. फिती फाटतील.”

“वन्सं,” बाई म्हणाल्या, “जळालेला नव्हता हा.”

मॅडमची नजर फितींवरच होती.

“सारख्या फिती उडायच्या गं,” त्या म्हणाल्या. “वाईट दिसायचं.”

बाईंनी काचेखालच्या फटीत तळहात धरला. लहान मुलाने बोट धरून ओढावं तशी हवा आत ओढत होती. त्यांनी काच नियमाप्रमाणे खाली आणली, पंखा चालूच ठेवला, ऍप्रन हातावर टाकला आणि वन्संच्या शेजारून बाहेर पडल्या.

व्हरांडा ओलांडेपर्यंत मागे घरघर ऐकू येत होती. मग बटणाचा आवाज आला आणि ती थांबली.