पाकिटावरची ओळ

सूचनाबाईंनी तक्रारीचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर असं आपटलं की स्टेपलर खाली पडला. तो उचलायलाही त्या वाकल्या नाहीत. पत्रातलं एकच वाक्य त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं : ‘एक दिवस आधी पोचा, असं आम्हाला तुमच्या ऑफिसातल्या कोणीही सांगितलं नाही.’

कोणीही नाही म्हणे.

सूचनाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या पोरांनी ते चेष्टेने पाडलं होतं आणि आता बाईही त्याला ओ देत. समुद्रसफरीची तिकिटं काढून देणाऱ्या त्या तीन खोल्यांच्या ऑफिसात त्यांना बावीस वर्षं झाली होती. जहाज गाठायला विमानाने निघणाऱ्यांसाठी त्यांनी अकरा सूचनांचा एक कागद स्वतः टाइप केला होता. औषधं आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग बंदरावर हमालाच्या ताब्यात गेली की संध्याकाळपर्यंत तिचं दर्शन नाही. जहाजाची चिठ्ठी घरूनच बॅगेला बांधून निघू नका, विमानतळाच्या पट्ट्यावर ती टिकत नाही. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या, अख्खं जहाज एका झटक्यात उतरत नसतं. एकेका सूचनेमागे कोणाचं ना कोणाचं रडू होतं. आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत, पहिली सूचना : जहाज सुटायच्या आदल्या दिवशी त्या गावात पोचा. विमान चुकलं तर दुसरं मिळतं, जहाज कोणासाठी थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वी थोरले मालक घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीत धाकटे मालक आले. आल्या आल्या त्यांनी बाईंचा कागद मोडीत काढला. त्याऐवजी गुळगुळीत कागदावर, जहाजाच्या कठड्याला टेकून हसणाऱ्या जोडप्याचं चित्र असलेलं माहितीपत्रक आलं. त्यात दहाच सूचना होत्या.

“पहिल्याच ओळीत गिऱ्हाइकाला घाबरवायचं कशाला?” धाकटे मालक म्हणाले होते. “हॉटेलची एक रात्र वाढली की लोक तोंड फिरवतात.”

“आणि जहाज चुकलं तर?”

“बाई, तुम्ही तिकिटं काढा. बाकीचं मी बघतो. आणि त्याच्यावर हाताने काही खरडायचं नाही, छान छापलंय.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि या वयात नवी नोकरी कोण देणार, म्हणून त्या गप्प बसल्या. अगदीच गप्प नाही. तिकिटाच्या प्रत्येक पाकिटाच्या मागे त्या पेन्सिलने बारीक अक्षरात लिहू लागल्या : एक दिवस आधी पोचा. पेन्सिलने अशासाठी, की मालक पाठीमागे येऊन उभे राहिलेच तर चटकन खोडरबर फिरवता यावा.

आता तेच मालक काचेचं दार ढकलून बाहेर आले होते आणि पत्र हातात घेऊन विचारत होते, “हे घड्याळवाले कोण?”

“चौकातले. घड्याळं दुरुस्त करतात. नवराबायको दोघंच होते. विमान चार तास जागचं हललं नाही आणि हे बंदरावर पोचले तेव्हा जहाज निघून गेलं होतं.”

“मग तुम्ही यांना सांगितलं नव्हतं का?”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ज्या माणसाने ती ओळ स्वतःच्या हाताने काढून टाकली, तो हे विचारत होता, आणि विचारताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती.

“सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. राग इतका होता की बोलायचं नाही ते तोंडून निघून गेलं. “तुम्ही छापत नाही म्हणून मी पाकिटावर लिहिते. प्रत्येकाच्या.”

मालकांच्या कपाळावर आठी चढली. मग ती हळूहळू उतरली आणि ते चक्क हसले.

“म्हणजे लेखी आहे आपल्याकडे. वा, बाई. उद्या बोलवा त्यांना. पाकीट घेऊन या म्हणावं.”

बाईंना आपलीच जीभ चावावीशी वाटली. दोन वर्षं ज्यांच्यापासून ती ओळ लपवली, तेच आता तिच्याआड लपणार होते. पण घड्याळवाल्यांचाही त्यांना कमी राग आला नव्हता. वाचूनही आधी जायचं नाही, आणि वर खापर आमच्या डोक्यावर. घरी गेल्यावर भाजी चिरतानाही त्या स्वतःशी बडबडत होत्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला घड्याळवाले आले. साठी उलटलेला, इस्त्रीच्या शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेला बारीक माणूस. मागोमाग त्यांची बायको, छातीशी पर्स धरून. मालकांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, आवाजात साखर घोळवली.

“आमची काही भरपाईची मागणी नाही,” घड्याळवाल्यांची बायको आधीच म्हणाली. “आम्हाला एक पत्र हवंय. चूक तुमच्या ऑफिसची होती, असं.”

“पत्राने काय होणार?”

“माझ्या भावाला दाखवायचंय. चार माणसांत तो यांना विचारतो, घड्याळवाल्याला वेळ कळली नाही का. सगळे हसतात. दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा विचारायला लागलीत. दोन महिने झाले, हे जेवायला बसतात आणि अर्ध्यावर उठतात.”

घड्याळवाले खाली मान घालून बसले होते. एका हाताच्या अंगठ्याने ते दुसऱ्या हाताची नखं घासत होते. बाईंना आठवलं, तिकिटं घ्यायला आले तेव्हा याच माणसाने बोटांवर हिशेब मांडला होता. अकरा वीसला विमान उतरणार, चाळीस मिनिटांत बंदर, दार बंद होतं साडेतीनला, हातात साडेतीन तास. “भरपूर झाले,” असं म्हणून त्यांनी पाकीट उलटं करून मागची ओळ वाचली होती आणि काही न बोलता खिशात घातलं होतं. त्या वेळी बायको बाहेरच्या बाकावर बसली होती.

“पत्र देऊ की,” मालक म्हणाले. “पण आमच्या बाई म्हणतात, त्यांनी तुम्हाला लिहून दिलं होतं. तिकिटाच्या पाकिटावर. पाकीट आणलंय ना?”

घड्याळवाल्यांचा अंगठा थांबला.

“ते... ते घरीच राहिलं असेल,” ते म्हणाले. “प्रवासात कुठे गहाळ झालं की काय, बघावं लागेल.”

“नाही,” बायको म्हणाली. “मी आणलंय.”

तिने पर्स उघडली, पाकीट काढलं आणि ते मालकांच्या पुढे नाही, बाईंच्या पुढे ठेवलं. उलटं करून. मागची बाजू कोरी होती.

बाईंनी पाकीट उचललं. कोपऱ्यात, जिथे त्या नेहमी लिहीत, तिथे कागदाची चकाकी गेली होती. बोट फिरवल्यावर तेवढीच जागा खरखरीत लागली. त्यांनी वर पाहिलं. घड्याळवाले पाकिटाकडे डोळे फाडून बघत होते. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि तिने मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती बाईंकडे बघत होती, सरळ, पापणी न हलवता. त्या बघण्यात विनवणी नव्हती. मी माझं काम केलंय, आता तुमचं तुम्ही बघा, एवढंच होतं.

जहाजावर जायचं स्वप्न हिचं होतं. तिकिटांच्या वेळी घड्याळवाल्यांनीच सांगितलं होतं, लग्न झाल्यापासून म्हणत्येय म्हणून. बंदराच्या कठड्याशी उभं राहून जहाज दूर जाताना हिनेच पाहिलं होतं. आणि त्यानंतर कधीतरी, नवरा घरात नसताना, हिनेच खोडरबर घेतला होता.

“बघू,” मालक म्हणाले. “कुठे लिहिलंय?”

बावीस वर्षांत एकही प्रवासी त्यांच्या हाताखालून न सांगता गेला नव्हता. तेवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती.

“नाही लिहिलेलं,” त्या म्हणाल्या. “यांच्या पाकिटावर राहून गेलं.”

“राहून गेलं? काल तर छातीठोक सांगत होतात, प्रत्येकाच्या पाकिटावर म्हणून.”

“काल चुकले.” त्यांनी पाकीट खाली ठेवलं. “आणि मुळात पाकिटावर लिहायची वेळ का आली? हे तुमचं माहितीपत्रक. यात ती ओळ आहे का, दाखवा. मी शोधते दोन वर्षं, मला सापडत नाही.”

त्यांचा आवाज इतका चढला होता की बाहेरच्या खोलीतली पोरं टाइप करायची थांबली. मालकांनी हसणाऱ्या जोडप्याचं पत्रक उचललं, उगाचच उलटं सुलटं केलं आणि ठेवून दिलं.

“पत्र मी तयार करते,” बाई म्हणाल्या. “सही तुम्ही करा.”

पत्र चार ओळींचं झालं. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी पोचावं ही सूचना आमच्या सूचनांच्या कागदावर पूर्वी होती, ती आम्ही काढून टाकली, ही आमची चूक आहे. बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मालकांनी सही केली, ती कागद फाटेल इतकी दाबून, आणि दार आपटून आत निघून गेले.

घड्याळवाल्यांनी पत्र हातात घेतलं. ते वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग ते हात जोडून उठले आणि बायकोसाठी दार धरून उभे राहिले. ती निघाली, मग पाकीट विसरल्यासारखी माघारी आली.

“ताई,” ती पाकीट उचलत हळूच म्हणाली, “तुमचं अक्षर छान आहे.”

बाईंनी वर पाहिलं.

“पण पेनने लिहीत जा. पेन्सिलीचं काय, कोणीही पुसतं.”

ती गेली. दोघं रस्ता ओलांडताना काचेतून दिसली. घड्याळवाल्यांनी पत्र घडी न करता, सरळ पुढे धरलं होतं आणि ती अर्धं पाऊल मागून चालत होती.

बाईंनी कालचा स्टेपलर खालून उचलून जागेवर ठेवला. टेबलावर उद्याच्या प्रवाशांची सहा पाकिटं होती. आतलं काचेचं दार उघडल्याचा आवाज आला, मालकांची पावलं त्यांच्या खुर्चीमागे येऊन थांबली. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पेल्यातली पेन्सिल बाजूला सारून त्यांनी निळं पेन काढलं आणि पहिलं पाकीट उलटं केलं.