पुसलेला पत्ता

घर सोडून आलेल्या बायकांशी चॅटवर बोलायचं, धीर द्यायचा आणि लपून राहायला खोली मिळवून द्यायची, हे ताईंचं काम. खोलीचा पत्ता चॅटवर पाठवायचा नाही, फक्त फोनवर सांगायचा, हा कार्यालयाचा नियम. अकरा वर्षांत ताईंनी तो एकदाही मोडला नव्हता, आणि हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्याही.

त्यांची धाकटी जाऊ कॉम्प्युटरच्या सुरक्षेतल्या फटी शोधायची. घरात तिला सगळे नाकखुपशी म्हणत. त्या दुपारी ती ताईंच्या कार्यालयात फुकटात तपासणी करायला आली आणि ताईंच्या ब्राउझरमधलं एक एक्स्टेंशन पाहून थबकली. ब्राउझरला जोडलेलं, भिंगाचं चित्र असलेलं ते छोटं साधन अक्षरं मोठी करून दाखवायचं. डोळे अधू झाल्यापासून ताईंचं त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

“चॅटमध्ये काहीतरी लिहा, पण पाठवू नका,” जाऊ म्हणाली.

ताईंनी ‘माझी जाऊ भारी आगाऊ आहे’ असं लिहिलं आणि लगेच पुसून टाकलं. जाऊने आपला लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ताईंच्या कॉम्प्युटरमधून बाहेर काय जातंय, ते त्यावर दिसत होतं. वाक्यातलं एकेक अक्षर तिथे हजर होतं.

ताई बघतच राहिल्या. ओठांवर येऊन गिळलेला शब्दसुद्धा कुणीतरी ऐकत होतं. एवढंसं ते भिंगाचं चित्र, आणि त्याची नजर केवढी! त्यांना भीतीआधी नवलच वाटलं.

“हे जातं कुठे?”

“कुणाच्या तरी सर्व्हरवर. तिथून कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.”

तेव्हा कुठे ताईंना आपली सवय आठवली. फोनवर सांगताना चूक होऊ नये म्हणून त्या पत्ता आधी चॅटच्या चौकटीत टाइप करत, मोठ्या अक्षरांत वाचून दाखवत आणि मग पुसत. सोमवारी एका शिक्षिकेला पत्ता सांगतानाही तेच केलं होतं. दोन मुलांना घेऊन आलेल्या त्या शिक्षिकेला तिचा नवरा गल्लोगल्ली शोधत होता.

“पण मी पाठवला नव्हता गं,” त्या म्हणाल्या. एरवी टोमण्याची संधी न सोडणारी जाऊ ते एक्स्टेंशन काढून टाकू लागली.

दुसरी खोली मिळवून ताईंनी शिक्षिकेला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता चूक सांगितली. “तासाभरात निघायला हवं. चार दिवसांत पुन्हा सगळं आवरायला लावतेय तुम्हाला. माफ करा.”

“आवरायचंय काय, ताई,” पलीकडून शांत आवाज आला. “बॅग मी अजून उघडलीच नाहीये. मुलंसुद्धा बूट घालूनच झोपतात.”