झालरीची दोरी

होडी उलटी करायची, आणि तीही मुद्दाम, हे तिला तिसऱ्या धड्यापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

निदान तिचं तरी तसं म्हणणं होतं. नणंदेचं वेगळं.

"वहिनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू तेव्हा लाइफ जॅकेटच्या शिवणी तपासत होतीस."

असेलही. शिवणी तपासणं हा तिचा स्वभावच. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघायचा, कडी लावली तरी ओढून बघायची. लोंबणारी वस्तू तर तिला डोळ्यांसमोर चालायचीच नाही. स्वेटरचा धागा, पिशवीचा बंद, लेकीच्या बुटाची नाडी, काहीही दिसलं की बोटं आपोआप पुढे व्हायची आणि ते आत खोचून टाकायची. लोंबतंय म्हणजे कुठेतरी अडकणार, अडकलं म्हणजे कुणीतरी पडणार. नवरा म्हणायचा, "हिच्या डोक्यात अपघात आधी होऊन जातो, मग ही चहा घेते."

अशी बाई कयाकिंगच्या, म्हणजे वरून झाकलेली निमुळती होडी वल्हवायच्या, फंदात पडली ती लेकीपायी. लेक पाच वर्षांची. तिला 'भिंगरी' म्हणायला सुरुवात केली ती आत्याने, म्हणजे या नणंदेनेच. तेव्हा पोर एका जागी ठरायची नाही. हल्ली ठरायची. गेल्या महिन्यात बागेतल्या घसरगुंडीच्या टोकावर ती उभी राहिली, मागे पोरांची ही रांग, आणि वरून ओरडून तिने विचारलं, "आई, ह्याचे स्क्रू घट्ट आहेत ना?"

बाकीच्या आया खो खो हसल्या. तीही हसली. घरी आल्यावर मात्र बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसून राहिली. वाक्य तिचं स्वतःचंच होतं. सुरासकट.

नणंद तळ्यावरच्या क्लबात जायची. तिथे दोघांच्या कयाकमध्ये लहान मुलांनाही बसवत. भिंगरीला विचारलं तर म्हणाली, "आई बसली तरच." आणि क्लबचा नियम असा, की मुलाला घेऊन बसणाऱ्याने आधी एकदा होडीसकट उलटं होऊन, पाण्याखालून आपलं आपण बाहेर येऊन दाखवायचं.

तर आज तो दिवस होता. होड्या ठेवायच्या शेडमध्ये ओल्या रबराचा वास कोंडला होता. शिकवणाऱ्या मॅडमनी तिच्या कमरेला काळी झालर चढवली. जाड रबरी कापडाची ही झालर कमरेला घट्ट बसते. होडीत बसलं की तिची कड बसायच्या भोकाच्या काठावरून ताणून बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. पुढच्या बाजूला एक लाल दोरीचा फास.

"ताई, सगळा खेळ ह्या दोरीचा आहे," मॅडम म्हणाल्या. "उलटं झालात की पुढे वाकायचं, होडीच्या पोटावर थापा मारायच्या म्हणजे मला कळेल तुम्ही शुद्धीवर आहात, मग दोरी ओढायची. झालर सुटेल, तुम्ही आपोआप बाहेर. मी बाजूलाच उभी असेन, तिथे पाणी माझ्या छातीएवढंच आहे."

"आणि दोरी तुटली तर?"

"आजवर तुटलेली नाही."

"आजवर," ती स्वतःशीच पुटपुटली.

धक्क्यावर, कडेपासून चांगली लांब, भिंगरी आत्याचं बोट धरून उभी होती. तरी पाण्यात होडीत जाऊन बसलेली आई ओरडलीच, "मागे हो गं! अजून मागे!" भिंगरी निमूट दोन पावलं सरकली.

"अगं, अजून मागे गेली तर रस्त्यावर जाईल ती," नणंद म्हणाली.

मॅडमनी झालर बसवली, लाल दोरी बाहेर आहे हे बघितलं, आणि बाजूला होऊन उभ्या राहिल्या. तिने श्वास भरून घेतला. सोडला. परत घेतला. हात झालरीवरून फिरले, सगळं नीट आहे ना बघत. मग डोळे मिटून ती एका अंगाला कलली.

गार पाणी नाकातून थेट मेंदूत शिरल्यासारखं झालं. वर काय, खाली काय, काही कळेना. कानात नुसता गडगडाट. पुढे वाकायचं, तेवढं आठवलं. थापा मारल्या. मग दोरी. हात पुढे गेला. दोरी नव्हती. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, नुसतं बुळबुळीत रबर. नव्हतीच. गुडघे आतल्या आत आपटायला लागले. आणि त्या हिरव्या अंधारात तिला अगदी स्वच्छ दिसलं काय, तर धक्क्यावर उभी असलेली, हे सगळं बघणारी भिंगरी.

मग कुणीतरी होडीला गरकन सुलटं केलं आणि ती उजेडात आली. खोकत, नाक गळत, मॅडमचा दंड दोन्ही हातांनी आवळून.

"दोरी नव्हती!" ती किंचाळली. "मॅडम, दोरी नव्हतीच!"

मॅडमनी झालरीच्या कडेखाली दोन बोटं घातली आणि लाल फास बाहेर ओढला. दोरी आत होती. अगदी व्यवस्थित खोचलेली.

"मी बघितली तेव्हा बाहेर होती, ताई."

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. शेवटचा हात फिरवताना काहीतरी लोंबत होतं, लाल. आपण ते... हो. आपणच.

"बस झालं आज," ती म्हणाली. दात वाजत होते. "मला नाही जमायचं हे. बाहेर काढा मला."

मॅडमनी मान डोलावली. धक्क्यावरून भिंगरी बोलली. शांतपणे, मोठ्या माणसासारखी, आत्याला समजावत.

"मी म्हटलं होतं ना तुला, आत्या. पाण्यात गेलं की बुडतातच. आपण नाही जायचं हं कधी."

"आपण नाही जायचं हं." आईचाच सूर. घसरगुंडीवरचाच. म्हणजे आता होडीतून उतरून गेलं, की हे वाक्य पोरीच्या मनात पक्कं होणार, आणि ते नंतर कुणाला उपसता येणार नाही.

"मॅडम," ती म्हणाली, आवाज नीट निघेना, "परत एकदा."

"नक्की?"

"नक्की नाही. पण लवकर करा."

होडी धक्क्याला लावून मॅडम झालर पुन्हा बसवू लागल्या. तिने दोन्ही हात मुद्दाम काखेत दाबून धरले. बोटांवर तिचा भरवसा राहिला नव्हता. एवढ्यात लाकडी फळ्यांवर चिमुकली पावलं वाजली. भिंगरी आत्याचं बोट सोडून आली होती. कडेपर्यंत. तिथे ती पोटावर पालथी पडली आणि मान बाहेर काढून खाली बघू लागली.

"मागे" हा शब्द आईच्या ओठांवर आला. तिने दात आवळून धरले. नणंदेने मागून गुपचूप पोरीचे घोटे धरले, तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला.

भिंगरीने हात लांब केला, लाल दोरी चिमटीत पकडली आणि ओढून बघितली. मग पुन्हा ओढून बघितली.

"बाहेर आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "आई, हात लावू नकोस आता."

"नाही लावणार."

मॅडमनी होडी थोडी आत नेली. भीती तेवढीच होती, उलट जास्तच, कारण आता खाली काय आहे ते तिला माहीत होतं. ती कलली.

तेच गार पाणी, तोच गडगडाट. पुढे वाकली. थापा मारल्या. हात पुढे गेला आणि मुठीत काहीतरी आलं. तिने ओढलं. कमरेभोवतीची पकड सुटली, पाय मोकळे झाले, आणि लाथा झाडत ती वर आली.

डोळ्यांवरचे केस बाजूला केले तर समोर भिंगरी, अजून कडेवरच पालथी. एक हात कोपरापर्यंत पाण्यात.

"मा..." तिने तोंड उघडलं, पण तोंडात पाणी होतं. खोकला आला, आणि पुढचं अक्षर त्यातच वाहून गेलं.

"सापडली दोरी?" भिंगरीने विचारलं.

"सापडली."

"भीती वाटली?"

"खूप. अजून वाटतेय."

भिंगरीने पाण्यातला हात हलवून बघितला. "मलापण," ती म्हणाली, आणि हात तसाच पाण्यात ठेवला.