पाणघोड्याच्या पोटातली हवा

टक् टक् टक् करत किटलीचं झाकण नाचायला लागलं आणि दुपारची शांतता मोडली. लेक आत्ताच कुठे झोपली होती, म्हणून ती मांजरीच्या पावलांनी ओट्याकडे धावली. झाकण उचललं, कोंडलेली वाफ भस्सकन बाहेर आली आणि तिला एकदम आठवलं.

भोक! पाणघोड्याचं भोक आपणच बुजवलं की!

लेक झाल्यापासून फक्त स्वतःसाठी म्हणून केलेली ही तिची पहिलीच गोष्ट: मातीकामाचा महिन्याभराचा वर्ग. दर शनिवारी चष्म्याच्या दुकानातून सुटली की लेकीला नवऱ्याच्या हवाली करून ती तिकडे पळायची. "जा बाई, खा थोडी माती," असं म्हणून नवऱ्याने हसत पिटाळलं होतं. लेकीने मात्र बजावलं होतं, "मला पाणघोडा हवा. जाडा."

मातीच्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या की झालं पाणघोड्याचं पोट. "पोकळ वस्तूला खालून भोक ठेवायचंच," शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. "नाहीतर भट्टीत ती फुटते, आणि एकटी जात नाही, शेजारपाजाऱ्यांना घेऊन जाते."

तिने भोक पाडलंही होतं. पण हाताची सवय जाते कुठे? सांडलेलं पुसायचं, उसवलेलं शिवायचं, हेच तर दिवसभर चालतं. शेवटच्या दिवशी बोलता बोलता तिने ओला स्पंज फिरवला आणि पोट कसं गुळगुळीत करून टाकलं. वर स्वतःवर खूशही झाली.

बाईंना फोन लावला. उचलेनात. भट्टी सकाळीच पेटली असणार. आणि पाणघोड्याला खेटून ठेवला होता वर्गातल्या टेलरकाकांचा पेला. काकांच्या बायकोचे हात थरथरायचे, म्हणून दोन कानांचा. शिवणयंत्रावर जन्म गेलेला तो माणूस महिनाभर त्या एका पेल्यापायी खपला होता. कान गळून पडायचे, काका पुन्हा लावायचे.

भट्टी उघडायच्या दिवशी लेकीला काखोटीला मारून ती पोचली, तर काका आधीच हजर, कडक इस्त्रीच्या शर्टात. तिला राहवेना.

"काका, मी घोळ घातलाय. भोक बुजवलं मी. तुमचा पेला..."

काका भट्टीच्या दाराकडे बघत म्हणाले, "फुटला तर फुटला. हिला सांगेन, पाणघोड्याने लाथ मारली." मग पुढे म्हणाले, "पण पोरी, ते कान या जन्मी मी परत लावायचा नाही हं."

बाईंनी दार ओढलं. तिने डोळे मिटून घेतले.

"अगं, बघ तरी!"

फळीवर दोन कानांचा पेला, जसाच्या तसा. शेजारी पाणघोडा, गलेलठ्ठ, अखंड. तिने तो उलटा केला. पोटाखाली तांदळाएवढं भोक.

"मी पाडलं," बाई म्हणाल्या. "भट्टी भरायच्या आधी सगळ्यांची पोटं तपासते मी. दर वर्गात एक तरी टापटिपीचं माणूस निघतंच. बहुतेक वेळा कुणाची तरी आई असते."

"मग फोन का नाही उचललात?"

"हात मातीत होते गं!"

तिचा जीव भांड्यात पडला. आणि भांडं अजून कोमट होतं. काकांनी पेला दोन्ही कानांना धरून ओठांना लावून पाहिला. "व्वा, गळत नाही!"

"काका, रिकामा आहे तो."

"म्हणूनच गळत नाही!" काका म्हणाले, आणि ती पोट धरून हसली. इतकी, की डोळे पुसावे लागले.

घरी जाताना लेकीने पाणघोडा छातीशी धरला होता. नखाने टकटक वाजवून पाहिला.

"आई, ही आधी मऊ माती होती ना?"

"हो."

"आणि आता नाही होणार मऊ?"

"नाही रे राजा. एकदा भाजली की भाजली."

मग पाणघोड्याच्या पाठीवरून हात फिरवत लेकीने विचारलं, "पण त्याला विचारलं होतं का कुणी?"