अष्टमीची भरती

सुचिता घरत खुर्चीत बसली रे बसली की तिचा उजवा पाय हलायला लागायचा. शिलाई मशीन चालवल्यासारखा! "पाय हलवू नको गो, लक्ष्मी जाते घरातनं," असं तिची आई सोनूबाई लहानपणापासून ओरडत आली होती. आणि नशिबाची गंमत बघा, हीच पाय हलवणारी पोरगी मोठी होऊन औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीची फायनान्स डायरेक्टर झाली. अख्ख्या कंपनीची लक्ष्मी हिच्याच हातात!

हे पद काही तिला आंदण मिळालं नव्हतं. मिठागरात राबणाऱ्या दयाराम घरतची ही मुलगी. पेणला बी.कॉम., सीएच्या परीक्षेत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास. पहिल्या नोकरीत एका पाहुण्याने तिलाच विचारलं होतं, "मॅडम, जरा चहा सांगता का?" पंधरा वर्षांनी तोच पाहुणा तिच्या सहीसाठी केबिनबाहेर ताटकळत बसला. तिने त्याला चहा पाजला. चांगले दोन कप!

पण आज पायाला थाराच नव्हता. संचालक मंडळाची बैठक मुंबईत नव्हे, धरमतरच्या खाडीकाठी कंपनीच्या कारखान्यात होती. अकरा वाजता. विषय क्रमांक सात : सुचिता घरत यांची मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून नेमणूक. चेअरमन केतनभाई आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते, "सुचिताबेन, बधा तैयार छे, सगळ्यांचा होकार आहे. तुम्ही फक्त नवी साडी नेसून या."

नवी साडी नेसून ती आधी आईकडे गेली. कारखान्यापासून घर तीन किलोमीटर. सोनूबाईने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे ठेवली.

"पाय!"

"हो गं आई, थांबवला."

"आणि परवा इकडं थांबू नको. पुनव हाय. तुमच्या कंपनीचा बांध काय खरा न्हाय. खेकड्यांनी पोखरून ठेवलाय."

"अगं, तपासलाय तो. इंजिनियर येऊन गेले ना! भर भरतीच्या वेळी मोजलंय, पाणी चार फूट खाली होतं."

सोनूबाई पदर तोंडाला लावून हसली. "तो टोपीवाला व्हय? आलता, आलता. अष्टमीला! भांगाला बांध बघायचा म्हंजे मे महिन्यात कौलं बघायची. कुठं गळतंय ते कळंल काय? एवढी शिकलीस आनि इतकं इसारलीस?"

भाकरीचा तुकडा ताटात टाकून सुचिता उठलीच.

खाडीकाठच्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती आली तरी पाणी आजारी माणसासारखं अर्ध्यावर उठून परत निजतं. खरं पाणी चढतं ते पुनवेला आणि अवसेला. उधाण म्हणतात त्याला. बांध बघायचा तर उधाणाला.

गाडीत बसल्याबसल्या तिने फाईल उघडली. अहवालावरची तारीख बघितली. मोबाईलवर पंचांग काढलं. अष्टमी! आणि खाली सही. "पडताळणी केली." सही कोणाची? तिचीच. मुंबईत, बाविसाव्या मजल्यावर, दोन फोनच्या मधे मारलेली.

या अहवालावर बैठकीतला चौथा विषय उभा होता. बांध भक्कम आहे, सबब बांधाला लागून नवं गोदाम बांधायला मंजुरी. गोदामात साठ कामगार. गोदामामागे गावाची भातशेती.

मग आता? सोपं होतं की! गप्प बसायचं. त्या खोलीतल्या कोणालाही अष्टमी काय नि पुनव काय. चौथा विषय दोन मिनिटांत संपेल, मग सातवा, मग पेढे. नंतर कारखान्याचा मॅनेजर स्वप्निल याला हळूच सांगायचं, बाबा रे, बांध परत बघून घे. तिने काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

पण तिला ती दहा वर्षांची असतानाची दुपार आठवायला लागली. नको असताना.

तेव्हा गावाच्या बांधाला खांड पडली होती, म्हणजे भगदाड. पहिल्यांदा दिसली ती सुचिताला. गावाचा नियम असा की खांड ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने तिथून हलायचं नाही. पाय रोवून उभं राहायचं आणि तिथूनच हाळी द्यायची. हाळी ऐकून एकेक जण चिखलाचं ढेकूळ घेऊन धावतो. जागा सोडली की कुठे होती ते सापडेपर्यंत हाताएवढ्या भोकाची नदी होते. सुचिता मात्र घाबरून घरी पळाली होती, बाबांना सांगायला. माणसं पोचेपर्यंत तीन शेतं खारी झाली. कोणी तिला मारलं नाही. दयाराम एवढंच म्हणाले, "बघणाऱ्यानं हलायचं नसतं गो."

बैठक सुरू झाली. एक विषय, दोन, तीन. टेबलाखाली पाय सुसाट. शेजारचा पाण्याचा ग्लास थरथरायला लागला तेव्हा स्वप्निलने तो गुपचूप उचलून बाजूला ठेवला.

"चौथा विषय," केतनभाई म्हणाले. "मंजूर?"

"नाही," सुचिता म्हणाली. आणि चक्क उभी राहिली. "हा अहवाल चुकीचा आहे. मोजमाप खरं आहे, पण दिवस चुकलाय. आणि पडताळणीची सही माझी आहे. मी न बघता केली."

मग तिने भांग आणि उधाण समजावलं, अगदी कौलांसकट.

केतनभाईंनी चष्मा काढला. "बेन, हे तुम्ही नंतर मला एकट्याला सांगू शकला असता."

"हो. सकाळपासून तोच विचार चाललाय."

"सातवा विषय मग मला पुढे ढकलावा लागेल."

"ढकला. चौथापण ढकला. परवा साडेबाराला पाणी चढेल, सगळ्यांनी बांधावर या. चांगले बूट घालू नका."

पुनवेला सगळे आले नाहीत. केतनभाई आले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, कुरकुरत. खाडी फुगून बांधाच्या वीतभर खाली टेकली होती. सोनूबाई दुरून, डोक्यावर पदर घेऊन बघत होती. आणि सुचिताला ते दिसलं. बांधाच्या आतल्या अंगाला, खेकड्याच्या बिळातून, करंगळीएवढी गढूळ धार.

तिने चप्पल फेकली आणि भोकावर टाच रोवली. "स्वप्निल! माणसं आण! चिखल आण!" तिची हाळी पार कारखान्याच्या गेटपर्यंत गेली. गावातली माणसं ढेकळं घेऊन धावली, कामगार धावले.

केतनभाई धारेकडे बघतच राहिले. "बेन, तो सातवा विषय..."

"नंतर, केतनभाई! आधी ते ढेकूळ द्या इकडे."

त्यांनी दिलं. दोन्ही हातांनी. सुचिताचा पाय अजूनही थरथरत होता, पण टाच भोकावरून तसूभर हलली नव्हती.