दोनदा भाजलेलं

गप्प राहण्यात थोरल्या जावयाचा निव्वळ फायदा होता आणि खर्च काहीच नव्हता. आपण तोंड उघडायचं नाही, मग धाकटा आपल्या पायानं तोंडघशी पडणार आणि बेकरीची किल्ली सासऱ्यांच्या कमरेवरून सरळ आपल्या हातात येणार. सासऱ्यांना मुलगा नव्हता. मुली दोन, जावई दोन, किल्ली मात्र एकच.

थोरल्याचं अर्धं आयुष्य भट्टीपुढे गेलेलं. धाकटा कॉलेजात भाषा शिकवायचा. पावाशी त्याचा संबंध खाण्यापुरता. पण एका सकाळी चहात बिस्किट बुडवता बुडवता तो म्हणाला, "मामा, बिस्किट म्हणजे काय, ठाऊक आहे? दोनदा भाजलेलं! मूळ शब्द लॅटिन, फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत आला. पहिल्यांदा शिजवायचं, दुसऱ्यांदा वाळवायचं. खलाशी महिनोन् महिने तेच चावत बसायचे. आणि अमेरिकेत बिस्किट मागाल, तर मऊ पाव पुढ्यात येईल."

"म्हणजे जन्मभर मी अर्धकच्ची बिस्किटं विकली म्हणा की!" सासरे हसले, पण त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

"मास्तर, गिऱ्हाइकांचे दातही दोनदा भाजून घ्या," थोरल्यानं साडूला टोमणा हाणला. कुणी हसलं नाही.

पाव निघाले की उतरत्या आचेवर बिस्किटं पुन्हा आत घालायची असं ठरलं. आच टिकावी म्हणून निखारे ओढून न काढता धुराड्याची झडप लावायची, ही भर मास्तरांची.

निखारा जिवंत असताना झडप लावायची नाही, हे भट्टीवाल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. जो वायू साठतो तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस बसल्या जागी आडवा होतो. सासऱ्यांचा जन्म गल्ल्यावर गेलेला, त्यांना हे ठाऊक नव्हतं. थोरल्यानं हे सगळं आठवलं आणि झडप लावली. त्याचा हिशेब साधा होता: फार तर म्हाताऱ्याचं डोकं धरेल, तो चिडेल आणि मास्तरांना लॅटिनसकट हाकलेल.

भट्टीजवळच्या रिकाम्या पोत्यांवर, उघड्या खिडकीखाली सासरे दुपारी अंग टाकत, पायाशी मांजर. झडप लागली त्या दुपारी मांजर उठलं आणि बाहेर पायरीवर, थंडीत जाऊन बसलं. ते परत आत आलं नाही. पुढच्या दुपारी सासरे डोकं दाबत उठले.

"वय झालं, दुसरं काय," ते म्हणाले.

"पित्त असेल, मामा," थोरला म्हणाला.

घोटाळा एवढाच झाला, की बिस्किटं झकास झाली. लोक दारात उभे राहून कुरुम कुरुम खाऊ लागले. सासऱ्यांनी किल्ली कमरेवरून सोडून गल्ल्याच्या बाजूला ठेवली. "रविवारी मास्तरांच्या हाती देतो," म्हणाले.

आता बोलायला हवं, हे थोरल्याला कळलं. पण आता बोललो तर इतके दिवस गप्प का होतो, हेही सांगावं लागेल. उद्या बघू, म्हणत त्यानं झडप लावली आणि तो पीठ आणायला गिरणीवर गेला.

परत आला तेव्हा गल्ल्याशी सासरे बसलेले. हुशार, ताजेतवाने, पुड्या बांधत.

"मामा, आज आडवे नाही झालात?"

"थोरलीला हुडहुडी भरली होती रे. म्हटलं, पोरी, पड माझ्या जागेवर, ऊब आहे. मीच खिडकी ओढून घेतली. इतकी गाढ झोपलीय, की दोनदा हाक मारली तरी ओ नाही."

पिठाचं पोतं खांद्यावरून खाली आलं. पायरीवरच्या मांजराला ओलांडून थोरला आत धावला. आधी झडप उघडली, मग खिडकी, मग बायकोला हलवलं. गाल छान गुलाबी होते, जणू आत्ताच उन्हातून आली होती; श्वास मात्र नव्हता.

मास्तरांनी त्या बेकरीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. सासऱ्यांनी गल्ल्याजवळची किल्ली न बघता थोरल्याकडे सरकवली. जी त्याला फुकटात हवी होती, ती मिळाली. किंमत बायकोनं भरली.